सिस्टिम बदला, पण डिस्कचा विचार आधी करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेक घरांतले धडधाकट संगणक अचानक 'जुने' ठरले. अशा यंत्रावर डेबियन ही लिनक्सची मोफत सिस्टिम चढवली, की कुटुंबाचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळणारा छान सर्व्हर होतो. आधीपासून असा सर्व्हर चालवणाऱ्यांपुढे सध्या वेगळंच काम आहे: डेबियन १२ वरून ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या १३ वर, म्हणजे 'ट्रिक्सी'वर जाणं.

हे काम तसं सरळ आहे. आधी १२ पूर्ण अद्ययावत करायची, मग पॅकेजच्या, म्हणजे प्रोग्रॅम कुठून घ्यायचे त्याच्या, याद्यांमध्ये 'बुकवर्म'च्या (हे १२ चं नाव) जागी 'ट्रिक्सी' लिहून अपग्रेड चालवायचं. मात्र ११ वरून थेट १३ वर उडी मारू नये. मेमरी कमी असेल तर एवढं लक्षात ठेवा, की ट्रिक्सीत तात्पुरत्या फायलींची टीएमपी डिरेक्टरी डिस्कवर नाही, तर मेमरीत राहते.

खरा निर्णय फाइलसिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीचा. सिस्टिम दर दोन-तीन वर्षांनी बदलते, बिघडली तर तासाभरात पुन्हा टाकता येते. फोटोंचं तसं नाही.

२००८ पासून लिनक्समध्ये स्थिरावलेली ईएक्सटी४ भरवशाची आहे. मध्येच वीज गेली तरी जर्नलच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) आधारे ती स्वतःची मांडणी सावरते. पण फायलीच्या आतला मजकूर बरोबर आहे का, हे ती पाहत नाही. डिस्क, केबल किंवा कंट्रोलरच्या चुकीनं एखादा बिट उलटला, तर ती तो बिघडलेला फोटो निमूटपणे तुमच्या हाती ठेवते. ही शंका काल्पनिक नाही. सर्न या संशोधन संस्थेनं २००७ मध्ये आपल्याच साठ्याची तपासणी केली, तेव्हा अशा मूक चुका खरोखर सापडल्या होत्या.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली काम सुरू झालेली झेडएफएस नेमकं इथे वेगळी पडते. प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ती त्या ब्लॉकजवळ नाही, तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. त्यामुळे चुकीच्या जागी लिहिला गेलेला ब्लॉकही पकडला जातो. दोन डिस्कचा आरसा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, असेल तर दुसरीकडची चांगली प्रत घेऊन ती दुरुस्तीही करते; एकच डिस्क असेल तर बहुतेकदा फक्त 'ही फाइल गेली' एवढं सांगते. शिवाय जुन्या मजकुरावर ती कधी लिहीत नाही. खाडाखोड न करता नवी नोंद खाली करणाऱ्या मुनीमजींसारखी ती वागते आणि म्हणूनच स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची जपलेली स्थिती, क्षणात निघतो. (झेडएफएसला दर टेराबाइट साठ्यामागे एक गिगाबाइट मेमरी हवीच, ही दंतकथा घरगुती वापरासाठी विसरा.)

अडचण परवान्याची आहे. झेडएफएसचा परवाना लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, परवान्याशी जुळत नाही, असं मानलं जात असल्यानं ती कर्नलबाहेर राहते. डेबियनमध्ये तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) प्रत्येक नव्या कर्नलसाठी तुमच्याच यंत्रावर तयार होतं. १२ मधलं ६.१ कर्नल जाऊन १३ मध्ये ६.१२ येतं, त्या वेळी हे बांधकाम फसलं तर पूल, म्हणजे झेडएफएसनं डिस्क एकत्र करून बनवलेला साठा, दिसणारच नाही. डेटा शाबूत असतो, पण घाम फुटतो. म्हणून माझा कौल असा: सिस्टिम छोट्या एसएसडीवर, ईएक्सटी४ मध्ये, डेटा वेगळ्या दोन डिस्कवर, झेडएफएसच्या आरशात.

हे लचांड नको असेल तर बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम २००९ पासून कर्नलमध्येच आहे. दोन डिस्कच्या आरशासाठी ती चालेल. तिच्या रेड ५ आणि ६ च्या (डेटा अनेक डिस्कवर विभागून ठेवण्याच्या पद्धतींच्या) वाटेला जाऊ नका. बीकॅशएफएस या आणखी एका फाइलसिस्टिमला तूर्त दुरून नमस्कार: २०२४ मध्ये ६.७ कर्नलमध्ये आली आणि ६.१८ मध्ये बाहेरही पडली.

अपग्रेडपूर्वी डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. डिस्कच गेली तर स्नॅपशॉटही तिच्यासोबत जातो. मग स्क्रब (सगळ्या डेटाचे चेकसम पडताळणारी तपासणी) चालवून पूल निर्दोष असल्याची खात्री करा. नवी सिस्टिम सुरू झाली, की पुलात नवी वैशिष्ट्यं चालू करण्याचा सल्ला समोर येईल, कारण झेडएफएस २.१ वरून २.३ वर गेलेली असते. तो लगेच मानू नका. ही वाट एकेरी आहे; नंतर डेबियन १२ वर परतावं लागलं, तर जुनी आवृत्ती तो पूल उघडायला नकार देऊ शकते. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, की मग तो आदेश द्या.