लठ्ठपणा रोखण्यासाठी धोरणात्मक सहकार्य

समाजातील लठ्ठपणाचे प्रमाण कमी व्हावे म्हणून आरोग्य, शिक्षण, शेती, अर्थ, नगररचना, वाहतूक आणि क्रीडा हे शासकीय विभाग, स्थानिक स्वराज्य संस्था आणि निरनिराळी राष्ट्रे आहार व शारीरिक हालचाल या दोन्ही अंगांनी एकत्रितपणे आखत व राबवत असलेली धोरणे. एकेका रुग्णावर उपचार करणे हे वैद्यकाचे काम. या धोरणांचा रोख माणूस जिथे खातो, चालतो, शिकतो आणि खेळतो त्या परिसरावर असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ व्यक्तीचा देहवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ किंवा त्याहून अधिक असल्यास अतिरिक्त वजन आणि ३० किंवा अधिक असल्यास लठ्ठपणा मानतात. २०२२ मध्ये जगातील सुमारे २५० कोटी प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि त्यांपैकी ८९ कोटी लठ्ठ या गटात मोडत होते. ५ ते १९ वर्षे वयोगटात लठ्ठ मुलांची संख्या १६ कोटी होती. १९९० पासून प्रौढांमधील लठ्ठपणा दुपटीहून अधिक, तर किशोरवयीनांमधील चौपट झाला. अवघ्या तीन दशकांत कोट्यवधी माणसांचा मनोनिग्रह एकाच वेळी ढासळला असे मानण्याला काही आधार नाही. बदलली ती भोवतालची परिस्थिती. साखर, मीठ आणि चरबी भरपूर असलेले तयार पदार्थ स्वस्त झाले व हाताशी आले, कामे बैठी झाली आणि रस्ते वाहनांच्या सोयीने बांधले गेले.

ही परिस्थिती घडवणारे निर्णय आरोग्य विभागाच्या टेबलावर होतच नाहीत, आणि सहकार्याची गरज नेमकी तिथे आहे. कोणत्या पिकाला अनुदान मिळावे हे शेती खाते ठरवते. पदपथ किती रुंद असावा हे बांधकाम खाते पाहते, तर खेळाचा तास ठेवायचा की गणिताला द्यायचा हे शाळेचे वेळापत्रक ठरवते. यांपैकी कुणाच्याही मनात लोकांचे वजन वाढवावे असे नसते. पण मधुमेह, हृदयविकार आणि सांधेदुखीच्या रूपाने या निर्णयांची किंमत आरोग्य खात्याला आणि घराघराला मोजावी लागते. कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या १९८६ च्या सनदेने आरोग्याचा विचार सर्वच क्षेत्रांच्या धोरणात असावा असे म्हटले होते. २००६ मध्ये फिनलंडने युरोपीय संघाच्या अध्यक्षपदाच्या काळात ‘सर्व धोरणांत आरोग्य’ हे सूत्र पुढे आणले.

आंतरराष्ट्रीय पातळीवरचा मुख्य टप्पा म्हणजे २००४ ची जागतिक आरोग्य संघटनेची आहार, शारीरिक हालचाल आणि आरोग्यविषयक जागतिक रणनीती. २००६ मध्ये इस्तंबूल येथे युरोपीय देशांनी लठ्ठपणाविरोधी सनद स्वीकारली. २०१३ मध्ये लठ्ठपणाची वाढ थांबवण्याचे जागतिक लक्ष्य ठरले. २०१८ च्या शारीरिक हालचालविषयक कृती आराखड्याने निष्क्रियतेचे प्रमाण २०३० पर्यंत १५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. असे ठराव देशांवर बंधनकारक नसतात, तरी देशांतर्गत कायदे करू पाहणाऱ्यांना त्यांचा आधार मिळतो.

गावपातळीवर काय साधू शकते हे फ्रान्सच्या उत्तरेकडील फ्लर्बे आणि लावांती या दोन छोट्या गावांनी दाखवले. तिथे १९९२ मध्ये शाळांतून आहारशिक्षण सुरू झाले. मुलांना आणि त्यांच्यामार्फत पालकांना माहिती मिळू लागली, ज्ञान वाढले, पण वजनांवर बरीच वर्षे परिणाम दिसला नाही. पुढे नगरपालिका, डॉक्टर, शिक्षक, दुकानदार आणि क्रीडा संस्था कामात उतरल्या. खेळासाठी सोयी झाल्या, प्रशिक्षक नेमले गेले. २००४ मध्ये या गावांतील मुलांमध्ये अतिरिक्त वजनाचे प्रमाण ८.८ टक्के होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या गावांत ते १७.८ टक्के होते. या अनुभवातून त्याच वर्षी फ्रान्समधील दहा शहरांत ‘एपोद’ (‘मुलांमधील लठ्ठपणा मिळून रोखू या’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचे लघुरूप) हा कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर इतर देशांतही पोहोचला. दोन गावांच्या आकड्यांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही माहिती देणे पुरेसे नसते, ती अमलात आणण्यासारखी जागा आणि सोबत लागते, हा धडा इतका स्पष्टपणे फार कमी ठिकाणी मिळाला आहे. आणि त्यासाठी बारा वर्षे थांबावे लागले. बहुतेक शासकीय योजनांना इतकी मुदत मिळतच नाही.

करांचा मार्ग अधिक वेगवान आहे. मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांची खरेदी घटल्याचे दिसले. घट गरीब कुटुंबांत अधिक होती. ब्रिटनने २०१८ मध्ये वेगळी रचना केली. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेल्या पेयाला कर नाही, ५ ग्रॅमपासून एक दर, ८ ग्रॅमपासून त्याहून चढा दर. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यात दोन वर्षे ठेवली होती. त्या अवधीतच अनेक उत्पादकांनी पाककृती बदलून साखर उतरवली, म्हणजे ग्राहकाने काहीही न बदलता त्याच्या पोटात जाणारी साखर कमी झाली. या कराच्या उत्पन्नाची सांगड शाळांतील खेळांच्या निधीशी घातली गेली. अर्थ, आरोग्य आणि शिक्षण या तीन खात्यांच्या सहकार्याचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण.

चिलीने २०१६ मध्ये कायद्याने पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. ‘साखर जास्त’, ‘कॅलरी जास्त’ असे ते शब्द लहान मुलालाही कळतात. इशारा असलेले पदार्थ शाळांत विकण्यावर आणि चौदा वर्षांखालील मुलांना उद्देशून त्यांची जाहिरात करण्यावर बंदी आली. लेबल, शाळा आणि जाहिरात या तिन्हींना एकच निकष लावल्यामुळे पळवाटा कमी राहिल्या.

हालचालीच्या बाबतीत धोरणे सहसा मागे पडतात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी अशी शिफारस आहे. पण सुरक्षित रस्ता नसेल तर ती कागदावरच राहते. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७४ पासून ‘सिक्लोविया’ चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक रस्ते वाहनांना बंद होतात आणि सायकली, धावणारे व चालणारे लोक यांना मोकळे मिळतात. नवीन मैदान बांधावे लागत नाही, फक्त वाहतूक, क्रीडा आणि पोलीस यंत्रणांचे एकमत लागते.

सीमेपलीकडचे सहकार्य नसेल तर चांगला हेतूही अडखळतो. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर (लोणी, चीज, मांस अशा पदार्थांत अधिक असणाऱ्या चरबीवर) कर लावला. नागरिक शेजारच्या जर्मनीत जाऊन खरेदी करू लागल्याची ओरड झाली, प्रशासकीय बोजाबद्दलही उद्योगांनी तक्रारी केल्या, आणि जानेवारी २०१३ पासून कर रद्द झाला. दूरचित्रवाणी व इंटरनेटवरील जाहिरातींनाही देशांच्या सीमा अडवत नाहीत. म्हणूनच २०१० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने) मुलांना लक्ष्य करणाऱ्या खाद्यजाहिरातींवर निर्बंध आणण्याच्या शिफारशी मान्य केल्या.

सर्वांत वादाचा मुद्दा खाद्य उद्योगाच्या सहभागाचा. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये उद्योग आणि ग्राहक संघटनांना एका मंचावर आणून ऐच्छिक वचने घेतली; इंग्लंडने २०११ मध्ये असाच जबाबदारी करार केला. इंग्लंडच्या या कराराच्या मूल्यमापनात दिसले की बरीच वचने कंपन्या तसेही करणार असलेल्या किंवा आधीच सुरू केलेल्या कामाची होती. ‘एपोद’च्या खासगी निधीवरही टीका झाली. उद्योगाला पाककृती बदलण्यासाठी सोबत घ्यावे लागते, पण नियम ठरवताना त्याला त्याच मेजावर बसवले तर नियम बोथट होतो. आजवरचा अनुभव तरी याच बाजूने आहे.

या धोरणांची भाषाही जपावी लागते. ‘लठ्ठपणाविरुद्ध युद्ध’ अशा घोषणांनी लठ्ठ माणसालाच शत्रू ठरवले जाते. हिणवले गेलेले मूल मैदानापासून आणि दवाखान्यापासून आणखी दूर जाते. शाळेत वजन मोजायचे असेल तर ते आडोशाला, इतरांना आकडा कळणार नाही अशा रीतीने मोजावे आणि निकाल पालकांना सौम्य शब्दांत, पुढे कुठे मदत मिळेल ते सांगून कळवावा.