ओढली तर सरकते, ढकलली तर हलत नाही

फरशीवर ५० किलोची पेटी ठेवली आहे. पृथ्वी तिला ५० × ९.८ म्हणजे ४९० न्यूटन बलाने खाली खेचते. फरशी तिला वर किती बलाने रेटते? विद्यार्थी डोळे झाकून ४९० लिहितात. पेटीला कुणी हात लावत नाही तोवर ते बरोबरही असतं.

फरशीच्या या रेट्याला अभिलंब बल म्हणतात, कारण ते पृष्ठभागाला काटकोनात असतं. पेटीच्या भाराने फरशीही गादीसारखी दबते, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतकी कमी. दबलेले अणू एकमेकांना दूर लोटतात आणि हवं तेवढंच बल तयार होतं. म्हणजे या बलाचा आकडा ठरलेला नसतो. तो दरवेळी परिस्थितीवरून काढावा लागतो.

आता पेटीला दोरी बांधा आणि जमिनीशी ३० अंशांचा कोन करून २०० न्यूटन बलाने वरच्या बाजूला ओढा. यातलं १०० न्यूटन बल पेटीला उचलू पाहतं, त्यामुळे फरशीवर ३९० न्यूटनचाच भार उरतो. घर्षणाची मर्यादा म्हणजे घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात ते सांगणारा आकडा) गुणिले अभिलंब बल. घर्षणांक ०.४ धरला तर घर्षण जास्तीत जास्त १५६ न्यूटन होऊ शकतं. तुमच्या जोराचा आडवा भाग १७३ न्यूटन. पेटी सरकते.

तेवढ्याच जोराने, त्याच कोनात, पण मागून खालच्या दिशेने ढकला. आता ते १०० न्यूटन फरशीवरचा भार वाढवतात: अभिलंब बल ५९०, घर्षणाची मर्यादा २३६. आडवे १७३ न्यूटन तिथे अपुरे पडतात आणि पेटी जागची हलत नाही. आकृती न काढता सूत्रात थेट वजन घालणारे नेमके इथेच फसतात.

आणखी एक हट्टी गैरसमज म्हणजे वजन आणि अभिलंब बल ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी आहे. नाही! त्या नियमातली क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, ही दोन्ही बलं तर एकाच पेटीवर आहेत. वजनाची खरी जोडी म्हणजे पेटीने पृथ्वीला वर खेचणं. अभिलंब बलाची, पेटीने फरशीला खाली दाबणं.

आपल्याला स्वतःचं वजन ‘जाणवतं’ तेही या रेट्यामुळेच. लिफ्ट वर निघताना ती २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने जात असेल, तर ६० किलोच्या माणसाखालचा वजनकाटा ७२ किलो दाखवेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. तरी अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकत्रच पडत असतात आणि पायाखालून रेटणारं काहीच नसतं.