‘करून ठेवणं’ आणि ‘तयारी करून ठेवणं’: सुट्टीच्या ब्रंचआधी या दोघांत गल्लत नको

सुट्टीच्या दिवशी दहा-बारा जणांना ब्रंचला (नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्र) बोलावलं की प्रत्येकजण एकच सल्ला देतो, "अगं, आदल्या दिवशीच करून ठेव ना सगळं!" सल्ला चांगलाय, मनापासून दिलेला असतो, पण त्या ‘करून ठेव’मध्ये दोन अगदी वेगळी कामं एकत्र घुसलेली असतात. एक म्हणजे पदार्थ पूर्ण शिजवायचा, गार करायचा, फ्रिजमध्ये टाकायचा आणि सकाळी फक्त गरम करून किंवा तसाच वाढायचा. दुसरं म्हणजे चिरणं, भिजवणं, मोजून ठेवणं, थर लावणं एवढं रात्री उरकायचं आणि आच मात्र सकाळीच दाखवायची. पहिल्याला ‘करून ठेवणं’ म्हणू, दुसऱ्याला ‘तयारी करून ठेवणं’. बोलताना दोन्ही एकच वाटतात, खाताना अजिबात नाही.

मी पहिल्यांदा असा बेत केला तेव्हा रात्री अकरापर्यंत गॅससमोर उभी होते, स्क्रॅम्बल्ड एग्जसुद्धा रात्रीच करून डब्यात भरली आणि बटाटे मात्र सकाळी ताजे उकडू म्हणून तसेच ठेवले. सकाळी अंड्यांना पाणी सुटलेलं, गरम केली तर चिवट झाली, आणि बटाटे उकडून गार होईपर्यंत पाहुणे दारात. अंडी थांबवायला हवी होती ती संपवली आणि बटाटे संपवायला हवे होते ते थांबवले. कष्ट कमी पडले नव्हते, फक्त कुठला पदार्थ कुठल्या बाजूला जातो हे माहीत नव्हतं.

आणि ब्रंचला हे जास्त जाणवतं कारण रात्रीच्या जेवणाला हाताशी अख्खा दिवस असतो, ब्रंचला उठल्यापासून फार तर दोन-तीन तास. ‘ब्रंच’ शब्द १८९५ साली गाय बेरिंगर या लेखकाने हंटर्स वीकली नावाच्या ब्रिटिश नियतकालिकात मांडला, त्याचा एक मुद्दाच हा होता की रविवारी लवकर उठायची सक्ती नको. मला वाटतं ही सवलत स्वयंपाक करणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, नाहीतर पाहुणे निवांत आणि यजमान पहाटे पाचला उठलेला, याला काय अर्थ आहे!

तर मी प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारते: हा सगळ्यात छान कधी लागतो, आचेवरून उतरल्या उतरल्या की मुरल्यावर? मुरल्यावर छान लागत असेल तर रात्रीच संपवून टाका. उतरल्या उतरल्या छान लागत असेल तर आच देण्याच्या एक पायरी आधी थांबा.

अंड्यांवरच बघा. अंड्यातली प्रथिनं आचेवर आवळली जातात, जास्त आच लागली की आणखी आवळतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. परत गरम करणं म्हणजे हीच गोष्ट दुसऱ्यांदा करणं. म्हणून स्क्रॅम्बल्ड एग्ज, ऑम्लेट, फ्राइड एग ही सगळी सकाळची कामं, रात्री फार तर अंडी फेटून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. उकडलेली अंडी मात्र खुशाल करून ठेवा, सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, फक्त उकडल्या उकडल्या गार पाण्यात टाका. जास्त वेळ उकळली गेली तर बलकाभोवती हिरवट कडा येते, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती बनते, खायला अपाय नाही पण मधोमध कापून मांडायची असतील तर दिसायला बरं नाही.

खरा घोटाळा होतो ते दोन पदार्थ म्हणजे ब्रेड-अंड्याचा बेक आणि किश (कणकेच्या कवचात अंड्या-दुधाचं मिश्रण भरून भाजलेला पदार्थ). दोन्हींत अंडी, दूध, चीज, भाज्या, दोन्ही ओव्हनमध्ये जातात, म्हणून लोक दोन्हींना एकच नियम लावतात. पण ब्रेडच्या बेकला रात्रभर भिजणं हवंच असतं, कालचा थोडा सुकलेला ब्रेड अंड्या-दुधाचं मिश्रण हळूहळू आतपर्यंत ओढून घेतो आणि सकाळी बेक केल्यावर आतून मऊ नि वरून खरपूस होतो. रात्रीच बेक केला तर वरचा खरपूसपणा फ्रिजच्या दमटपणात जातो आणि तो परत येत नाही. म्हणजे ही झाली तयारी. किशचं उलटं, त्याच्या खाली कणकेचं कवच असतं, त्यात कच्चं मिश्रण ओतून रात्रभर ठेवलं तर कवच भिजून त्याचा लगदा होतो. किश रात्रीच पूर्ण बेक करून टाका, सकाळी मंद ओव्हनमध्ये नीट गरम करा, मग वाढेपर्यंत कोमट झालं तरी छान लागतं. किश सकाळीच ताजं हवं असेल तर रात्री कवच रिकामं भाजून बाहेर झाकून ठेवा, मिश्रण वेगळं फ्रिजमध्ये, आणि दोघांची भेट ओव्हनच्या दारातच होऊ द्या.

दोन्हींत भाज्या मात्र आधी परतूनच घाला. मशरूम, पालक, टोमॅटो हे पाण्याचे साठे आहेत, कच्चे टाकले तर ते पाणी अंड्यात उतरतं आणि मध्यभाग कधी धरतच नाही. परतलेल्या भाज्या पूर्ण गार झाल्यावरच कच्च्या अंड्यात मिसळा, कारण कोमट मिश्रण फ्रिजमध्ये गार व्हायला वेळ लागतो आणि तोच वेळ जंतूंना हवा असतो. आणखी एक, काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकू शकतं. ओव्हन तापेपर्यंत बाहेर ठेवा किंवा सरळ धातूचं भांडं घ्या.

पिठाचं पण असंच. पॅनकेक आणि क्रेप (मैद्याची पातळ धिरडी) यांची पिठं दिसायला सख्ख्या बहिणी. क्रेपच्या पिठात फुगवणारं काही नसतं, ते रात्रभर ठेवलं तर मैदा नीट भिजतो, ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) सैलावतं, क्रेप उलट पातळ नि मऊ होतात. पॅनकेकच्या पिठात बेकिंग पावडर किंवा सोडा असतो, आणि सोड्याला ओलावा नि आंबट काही मिळालं की वायू लगेच सुटायला लागतो, तो रात्रभर निघून जातो आणि सकाळी तव्यावर चपट्या चकत्या पडतात. बेकिंग पावडर बहुतेक वेळा दोनदा काम करणारी असते, थोडा वायू भिजल्यावर आणि बराचसा आच लागल्यावर, त्यामुळे ती थोडं निभावून नेते पण रात्रभराची खात्री नाही. सोपा उपाय असा की कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्या भांड्यात, दोन्ही झाकून, आणि सकाळी एकत्र करायला दोन मिनिटं. यीस्टचं पीठ या दोन्हींपेक्षा वेगळं, यीस्ट जिवंत असतं, थंडीत मंदावतं पण थांबत नाही, त्यामुळे सिनॅमन रोलसारखे प्रकार रात्री वळून ट्रेमध्ये लावून फ्रिजमध्ये ठेवले तर चवही जास्त चांगली येते. सकाळी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊन फुगू द्यायचे आणि मगच ओव्हनमध्ये, याला तासभर तरी धरा. हा तास लोक विसरतात.

मफिन आणि केक रात्रीच बेक करा, काही अडत नाही. पण फ्रिजमध्ये ठेवू नका! ब्रेड-केक शिळा होतो तो नुसता सुकून नाही, त्यातलं स्टार्च परत कडक रचनेत जातं म्हणून, आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात जोरात चालते. एक रात्रीचा प्रश्न असेल तर बाहेर हवाबंद डब्यात, आठवडाभर आधी करायचे असतील तर सरळ फ्रीझरमध्ये. क्रीम किंवा कस्टर्ड भरलेलं असेल तर अर्थात फ्रिजच, तिथे मऊपणापेक्षा पोट महत्त्वाचं.

हीच स्टार्चची गोष्ट बटाट्यांना मात्र फायद्याची. उकडून रात्रभर फ्रिजमध्ये गार झालेले बटाटे घट्ट होतात, सकाळी चिरताना भुगा होत नाही आणि तव्यावर छान कुरकुरीत होतात. म्हणजे उकडणं रात्री संपवायचं, परतणं सकाळी, एकाच पदार्थात दोन्ही पद्धती. कच्चे चिरून ठेवायचे असतील तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, हवा लागली की काळे पडतात.

फळांचं थोडक्यात: खरबूज, अननस, संत्री रात्री चिरून चालतात, सफरचंद-नाशपाती-केळी सकाळीच चिरा आणि वर लिंबू पिळा. बेरी आधी धुऊ नका, ओलाव्याने मऊ पडून लवकर बुरशी धरतात. सॅलडचं ड्रेसिंग आदल्या दिवशी, पण पानांवर शेवटच्या क्षणी, मिठाने पानांचं पाणी सुटतं. कोल्ड ब्रू कॉफीला (गार पाण्यात भिजवून केलेल्या) १२ ते १८ तास लागतातच, तिला आदल्या दिवशीशिवाय पर्यायच नाही.

आता एक गोष्ट जी ‘करून ठेवण्या’ला लागू होते आणि जिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, ती म्हणजे गार करणं. शिजवलेला पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या खाली आला की तो ५ अंशांपर्यंत पोचेपर्यंतचा पट्टा जंतूंच्या वाढीचा असतो. रात्री थकून "ओट्यावरच राहू दे, सकाळी फ्रिजमध्ये टाकू" हे अजिबात करू नका, शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. मोठ्या पातेल्यात मधला भाग तासन्‌तास गरम राहतो, म्हणून उथळ भांड्यांत पसरून गार करा. फ्रिज ४ अंश किंवा त्याखाली हवा, आणि पाहुण्यांसाठी तो गच्च भरला की हवा फिरत नाही, तेव्हा आदल्या दिवशी सकाळीच जागा रिकामी करा. परत गरम करताना मधोमध ७४ अंश यायला हवेत, नुसतं कोमट करून चालणार नाही. कच्चा ठेवलेला अंड्याचा बेक सकाळी मधोमध ७१ अंशांपर्यंत शिजवा, त्यात मांस असेल तर ७४. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरात असेल तर या दिवशी तो बाहेर काढाच.

आणि ओव्हन एकच असतो हे बेत आखतानाच लक्षात घ्या. तयारी करून ठेवलेले तीन पदार्थ असतील आणि तिन्हींना सकाळी ओव्हनच हवा असेल, तोही वेगवेगळ्या तापमानाला, तर रात्रीच्या तयारीचा काही उपयोग नाही. मी असं बघते की सकाळी ओव्हन मागणारा एकच मोठा पदार्थ असावा, एक गॅसवर, आणि बाकी सगळं करून ठेवलेलं, थंड किंवा खोलीच्या तापमानाला वाढता येणारं. मग वाढायच्या वेळेपासून मागे मोजत यायचं: ११ ला वाढायचं, त्याआधी १० मिनिटं बेक बाहेर विसावणार, त्याआधी ४५-५० मिनिटं ओव्हनमध्ये, त्याआधी १५ मिनिटं ओव्हन तापणार, म्हणजे भांडं पावणेदहाला फ्रिजबाहेर. पावणेदहा! पहाट नाही.

शेवटचं काम झोपायच्या आधीचं, प्रत्येक डब्यावर कागदी टेप लावून लिहा. ‘झालंय, २० मिनिटं गरम’ किंवा ‘कच्चं आहे, ५० मिनिटं बेक’. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलेले असता, घरातलं कुणीतरी मदत करायच्या चांगल्या भावनेने फ्रिज उघडतं, आणि फॉइलने झाकलेला कच्चा बेक आणि फॉइलने झाकलेलं तयार किश बाहेरून हुबेहूब सारखेच दिसतात.