सात बंधाऱ्यांचं एकच नाव

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागून राहिला की घराघरात एकच विचारणा सुरू होते, "राजारामला किती फूट?", म्हणजे पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. त्यामुळे माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनं प्रोजेक्टसाठी बंधाऱ्यांच्या पाणीपातळीचं वेबपान करायला घेतलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पान पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसच्या दोन टेबलांत. एकात बंधारे, दुसऱ्यात नद्या.

पान उघडलं आणि पहिल्या सातही ओळींत बंधाऱ्याच्या जागी नदीचं नाव आलं, 'पंचगंगा'. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, सगळे गायब. पातळीचे आकडे मात्र बरोबर. "सर, डेटाबेस बिघडला, नाहीतर व्हायरस शिरला," ती म्हणाली. डेटाबेस ठणठणीत होता. कॉम्प्युटरमध्ये काही विपरीत दिसलं की व्हायरसवर ढकलायची सवय आपल्याला लागली आहे. ती मोडायला हवी, कारण तिच्यामुळे खरं कारण शोधायचं राहून जातं.

टेबलांची रचना अशी होती: बंधाऱ्यांच्या टेबलात आयडी, नेम, रिव्हर-आयडी आणि लेव्हल हे चार कॉलम, नद्यांच्या टेबलात आयडी आणि नेम हे दोन. दोन्ही टेबलं जोडून 'सगळे कॉलम दे' अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे मागणी, मारली की प्रत्येक ओळीत सहा किमती, म्हणजे सहा कॉलमांतली माहिती, येते. ही ओळ पीएचपीत ॲरे, म्हणजे क्रमांकानं किंवा नावानं लावलेली यादी, म्हणून हातात घ्यायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. 'फेच रो' म्हटलं तर 0 ते 5 अशा क्रमांकांनी सहाच्या सहा मिळतात. 'फेच असोक' म्हटलं तर कॉलमच्या नावानं मिळतात. वाचायला सोपं म्हणून सगळे दुसरी तऱ्हा घेतात, तिनंही घेतली. घोळ तिथेच झाला, आणि तो समजून घ्यायचा तर ॲरेच्या पोटात शिरावं लागेल. पीएचपीतला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो. बिल्ल्याचा नंबर बघून माणूस थेट त्या खणाशी जातो, सगळे खण धुंडाळत बसत नाही. पीएचपीचा ॲरेही असाच थेट जातो, फक्त बिल्ला जपायची गरज नाही. तो नावावरूनच तयार होतो. 5381 पासून सुरुवात करायची, आहे त्या संख्येला 33 ने गुणायचं आणि पुढच्या अक्षराचा कोड, म्हणजे कॉम्प्युटरनं त्या अक्षराला दिलेला ठरावीक आकडा, मिळवायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. इंग्रजीत 'आयडी' ही दोन अक्षरं, त्यांचे कोड 105 आणि 100. 5381 गुणिले 33 म्हणजे 177573, त्यात 105 मिळवले की 177678. पुन्हा 33 ने गुणून 100 मिळवले की 5863474. सध्याच्या पीएचपीत लहान ॲरेला खणांशिवाय चिठ्ठ्या अडकवायला 0 ते 15 नंबरच्या 16 खुंट्या असतात. 5863474 ला 16 ने भागून बाकी उरते 2, म्हणून 'आयडी'ची चिठ्ठी दोन नंबरच्या खुंटीवर. चिठ्ठीवर किंमत नसते, ती कितव्या खणात आहे एवढंच असतं. खण मात्र आलेल्या क्रमानं भरत जातात, म्हणून ॲरे छापला की कॉलम आपल्या मूळ क्रमानंच दिसतात.

यातली एक गंमत मी पहिल्यांदा वहीवर सोडवली तेव्हा रात्री झोप आली नव्हती. 33 ला 16 ने भागलं की बाकी 1. त्यामुळे खुंटी ठरवताना गुणाकार निघून जातो आणि उरते नुसती 5381 आणि अक्षरांच्या कोडांची बेरीज. बेरजेला क्रमाचं सोयरसुतक नाही. म्हणून 'टाइम' आणि 'आयटम' हे कॉलम, इंग्रजीत तीच चार अक्षरं उलटसुलट, एकाच, चार नंबरच्या खुंटीवर येतात. तरी गफलत होत नाही. एका खुंटीवर दोन चिठ्ठ्या साखळीनं अडकतात, मग आधी पूर्ण संख्या आणि नंतर अक्षरं ताडून हवी ती उचलली जाते.

अंकशास्त्रवाले नावाचा आकडा काढून नशीब सांगतात आणि स्पेलिंग बदलायचे पैसे घेतात. इथेही नावाचा आकडाच होतो, पण तो फक्त पत्ता आहे आणि कुणीही कागदावर पडताळू शकतो. त्यांच्या आकड्यातून निघालेलं भविष्य असं पडताळता येत नाही, म्हणून ते विज्ञान नव्हे.

आता बंधाऱ्यांकडे. वेगळी नावं एका खुंटीवर आली तर साखळी होते. पण तेच नाव पुन्हा आलं तर? ॲरेच्या दृष्टीनं तो जुनाच खण. दुसरा 'नेम' आला, पहिल्या 'नेम'च्या खणातला 'राजाराम' काढला आणि तिथे 'पंचगंगा' ठेवला. ना एरर, ना वॉर्निंग. आणि खण जुनाच असल्यानं नदीचं नाव बरोबर बंधाऱ्याच्या जागी दिसलं. आयडीचीही तीच गत झाली होती, फक्त तो पानावर छापलेला नव्हता. सहा कॉलमांतून आलेल्या ॲरेत चारच नोंदी होत्या.

हे तिला स्वतःला दिसावं म्हणून मी 'फेच ॲरे' वापरायला सांगितलं. ते काही न सांगता वापरलं तर क्रमांकानंही देतं आणि नावानंही. "मोज," म्हटलं. तिची अपेक्षा 12, आले 10. क्रमांकाचे सहा, नावाचे चार. एक नंबरला 'राजाराम' शाबूत होता, 'नेम'मध्ये 'पंचगंगा'. ती दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे नाव आलं होतं, वरून झाकलं गेलं."

जाता जाता, बाजारातल्या झेरॉक्स नोट्समध्ये ही फंक्शनं अजून जुन्या मायएसक्यूएल नावांनी छापलेली सापडतात. ती 2015 मध्ये आलेल्या पीएचपी 7 नं काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी डेटाबेसशी बोलायला मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ ही पीएचपीची साधनंच शिका.

तिनं 'सगळे कॉलम दे' खोडलं, हवे तेवढेच कॉलम लिहिले आणि 'ॲज' लावून एकाला 'बंधारा', दुसऱ्याला 'नदी' अशी इंग्रजी अक्षरांत नावं दिली. सातही बंधारे परत आले, पण रुई आधी आणि शिंगणापूर नंतर. क्वेरीत क्रम सांगणारं 'ऑर्डर बाय' नसेल तर कुठली ओळ आधी द्यायची याचं बंधन डेटाबेसवर नसतं. मग तिनं नदीच्या वाहत्या दिशेनं प्रत्येक बंधाऱ्याला क्रमांक दिला आणि त्यावर 'ऑर्डर बाय' लावलं. शिंगणापूर वर आलं, शिरोळ तळाला गेलं.