शीतगृहांतील ऊर्जाबचत (सांगली जिल्हा)

शीतगृहांतील ऊर्जाबचत : साठवलेल्या मालाचे तापमान व आर्द्रता न बिघडवता प्रशीतनाचा वीजखर्च कमी करण्याचे उपाय. सांगली, मिरज, तासगाव परिसरातील शीतगृहे मुख्यतः बेदाण्यासाठी व हंगामात निर्यातीच्या द्राक्षांसाठी चालतात. हळद पूर्वी हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालील कोठारांत), विजेविना राहत असे. २००५ च्या महापुरानंतर पेवांचा वापर घटला.

यांत्रिक प्रशीतनाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. विल्यम कलेन यांचे ईथरच्या बाष्पीभवनाचे प्रात्यक्षिक काही ग्रंथ १७४८ चे, तर काही १७५५-५६ चे मानतात. ऑलिव्हर एव्हान्झ यांची १८०५ ची योजना कागदावरच राहिली. त्यामुळे जेकब पर्किन्झ यांचे १८३४ चे पेटंट आद्य धरणे अधिक सयुक्तिक होय. अमोनिया कॉम्प्रेसरचे श्रेय कोणी डेव्हिड बॉइल (सु. १८७२), तर कोणी कार्ल फोन लिंडे (सु. १८७६) यांना देतात. मात्र ठरावीक थंडीसाठी किती कार्य खर्ची पडते, याचा उष्मागतिकीय हिशेब लिंडे यांनी काटेकोरपणे मांडला. प्रस्तुत विषयात म्हणून त्यांचे कार्य अधिक मोलाचे ठरते.

या हिशेबाचा पाया कार्नो यांचा १८२४ चा सिद्धांत. बाष्पक म्हणजे खोलीतील उष्णता शोषणारा भाग, संघनक म्हणजे ती बाहेर टाकणारा. बाष्पकाचे निरपेक्ष (केल्व्हिन) तापमान भागिले संघनक-बाष्पक तापमानांतील फरक, हा आदर्श गुणांक; खर्चलेल्या कार्याच्या जास्तीत जास्त किती पट उष्णता काढता येईल, हे तो सांगतो. बाष्पक −५° से. व संघनक ४०° से. असता तो सु. ६ येतो; संघनक ३५° से. वर आणल्यास ६·७. प्रत्यक्ष यंत्रे याच्या बरीच खाली राहतात, तरी फरक एक अंशाने घटला की सर्वसाधारणपणे २ ते ३ टक्के वीज वाचते. संघनकावरील क्षारांचा थर, यंत्रणेत शिरलेली हवा व बाष्पकाच्या कॉइलवर साचलेला बर्फ यांमुळे हाच फरक वाढतो. फेब्रुवारी ते एप्रिलमधील कोरड्या हवेत पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारा संघनक चांगला थंड राहतो; संघनकाचा दाब वर्षभर एकाच आकड्यावर बांधून ठेवल्यास हा लाभ वाया जातो.

द्राक्षांच्या पूर्वशीतनात शेतातली उष्णता काही तासांत काढावी लागते. तेथे पूर्ण क्षमतेला पर्याय नाही. वाळलेल्या बेदाण्याचे श्वसन मात्र नगण्य असते. तो सु. ४° से. ला आला की उरतो तो भिंती, दार आणि पंख्यांचा भार. पंख्यांची उष्णता खोलीतच पडते, म्हणजे तिच्यासाठी दोनदा वीज जाते. पंख्याची गती ८० टक्क्यांवर आणल्यास त्याला लागणारी शक्ती तत्त्वतः निम्म्यावर येते. बेदाण्याच्या खोल्यांत नव्या कॉम्प्रेसरआधी हाच उपाय करणे इष्ट.