मुखवट्याआडचा राग कसा दिसतो?

‘संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो’ हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हमखास ऐकू येते आणि त्याच्या आधारे देहबोलीचे तयार नियमही शिकवले जातात. हा आकडा १९६७ मधील ज्या दोन प्रयोगांवरून आला, त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांची छायाचित्रे एवढेच होते; हात, पाय आणि धड यांचा त्यांत संबंधच नव्हता. हाताची घडी घातली म्हणजे माणूस काहीतरी लपवतो, असली सूत्रे हस्तरेषांच्या भविष्याइतकीच निराधार आहेत. शरीराच्या हालचालीतून भावना खरोखर कशी पोहोचते, हे समजण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन अभिव्यक्तिवादी, म्हणजे आतली भावना थेट हालचालीतून प्रकट करणाऱ्या, नृत्याकडे पाहणे मला अधिक फलदायी वाटते.

या प्रवाहातील नर्तिका मेरी विग्मान यांनी ‘हेक्सेनटान्त्स’, म्हणजे चेटकिणीचे नृत्य, प्रथम १९१४ मध्ये रचले आणि १९२६ मध्ये त्याची नवी आवृत्ती केली. या आवृत्तीत त्यांचा चेहरा मुखवट्याने झाकलेला आहे आणि साथीला केवळ तालवाद्ये आहेत. चित्रफितीवर उरलेल्या छोट्याशा तुकड्यात त्या जमिनीवर बसलेल्या दिसतात. बोटे नख्यांसारखी ताठरतात, हात गुडघ्यांना आवळून धरतात, धड एकाएकी बाजूला झुकते आणि मग बसल्या बसल्याच पाय आपटत त्या गरगर फिरतात. आपल्या शास्त्रीय नृत्यांत डोळे, भुवया आणि ठरलेल्या अर्थाच्या हस्तमुद्रा भावाचा मोठा भार वाहतात. येथे ते आधार नसतानाही अंगावर काटा येतो.

विग्मान यांचे गुरू रूडॉल्फ लाबान यांनी हालचालीचे विश्लेषण करताना ती ‘कोणती’ यापेक्षा ‘कशी’ याला महत्त्व दिले: जोर लावून की हलकेच, एकदम की सावकाश, थेट की वळसे घेत. या तीन जोड्यांतून आठ मूलभूत क्रिया मिळतात. ओले धोतर पिळताना हालचाल जोरकस, सावकाश आणि वळणदार असते. बाहीवरची मुंगी झटकताना ती हलकी, झटपट आणि वळणदार असते. हात तोच असला तरी त्याचा भाव निराळा होतो.

हे ‘कसे’ मोजता येते, आणि मला सर्वांत मोह पडतो तो याच भागाचा. समोरचा पेला घेण्यासाठी हात पुढे जातो, तेव्हा त्याचा वेग शून्यापासून अलगद वाढतो, मध्यावर कमाल होतो आणि तसाच अलगद शून्यावर येतो. आलेख घंटेच्या आकाराचा दिसतो. वेगाच्या बदलाचा दर म्हणजे त्वरण आणि त्वरणाच्या बदलाचा दर म्हणजे हिसका. बस सुटताना उभ्या प्रवाशाचा तोल घालवतो तो हाच. तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवले की, संपूर्ण हालचालीतील हिसक्याच्या वर्गाची (हिसका गुणिले हिसका) एकूण बेरीज किमान ठेवायची, एवढी एक अट घातली की हा घंटाकार आपोआप मिळतो. या गणितानुसार कमाल वेग सरासरी वेगाच्या १.८७५ पट येतो आणि प्रत्यक्ष हातांची मोजमापेही त्याच्या जवळपास जातात. आपले डोळे जन्मभर या मऊ घंटेला सरावलेले असतात. विग्मान तीच मोडतात: वेग एकदम चढतो, मध्येच तुटतो, आणि स्थिरतेतही स्नायू ताणलेलेच राहतात.

चेहऱ्यावाचून एवढे दिसते याचा पुरावा पुढे प्रयोगशाळेतून आला. स्वीडनमधील उप्साला येथे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी माणसांच्या सांध्यांवर दहा-बारा प्रकाशबिंदू लावून अंधारात चित्रण केले आणि त्यावरील निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. बिंदू स्थिर असताना काहीच अर्थबोध होत नाही. ते हलू लागताच चालणारा माणूस क्षणार्धात दिसतो. २००१ मध्ये फ्रँक पॉलिक आणि सहकाऱ्यांनी दार ठोठावणाऱ्या आणि पेला उचलणाऱ्या हातांचे केवळ असे बिंदू प्रेक्षकांना दाखवले. भावना किती उत्तेजित आहे याचा अंदाज वेग, त्वरण आणि हिसका यांच्याशी जुळला. पण राग आणि आनंद दोन्ही वेगवान असल्याने तेवढ्यावर त्यांतला फरक कळत नाही. भावना सुखद की दुःखद, याचा संबंध अवयवांच्या परस्पर कलेशी, म्हणजे खांदा, कोपर आणि मनगट एकमेकांच्या किती मागेपुढे हलतात याच्याशी आढळला. ‘हेक्सेनटान्त्स’मधील पायांची द्रुत आपट एखाद्या सणाच्या नाचातही शोभली असती, पण वर गुडघे आवळून धरलेले हात आणि भलत्याच क्षणी झुकणारे धड पाहिल्यावर तिला कोणीही आनंद समजणार नाही.