मिथक, नायक आणि लेख जोखण्याची मोजपट्टी : पार्श्वभूमी

चित्रपटातली मिथकं आणि नायक यांवरचा एखादा लेख कितपत परिणामकारक आहे, हे ठरवायला बसलं की खान्देशातल्या मराठीच्या वर्गात चित्रपट बाजूला राहतो आणि वाद शब्दांवर येतो. हा वाद फुकटचा नाही.

आधी 'मिथक'. हा शब्द मराठीत आला हिंदी समीक्षेतून. मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे : बोल, गोष्ट. आपल्याकडे पुराणकथा, दैवतकथा, पुराकथा, दंतकथा असे वेगवेगळे शब्द होतेच आणि प्रत्येकाचा वकूब वेगळा होता. 'मिथक' आला आणि सगळे एका पोत्यात गेले. शिवाय कानाला त्यात 'मिथ्या' ऐकू येतं. आरोग्याच्या सदरांनी 'मिथक आणि तथ्य' ही जोडी रूढ केल्यावर तर 'गैरसमज' हाच अर्थ पुढे आला. त्यामुळे एकाच लेखात पहिल्या परिच्छेदात मिथक म्हणजे श्रद्धेची कथा असते आणि चौथ्यात खोटी समजूत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्या घरात नारळाच्या रूपात खान्देशची देवी कानबाई बसते, जिथे प्रसादाचे रोट खाल्ले जातात, तिथल्या मुलीने 'हे मिथक आहे' हे वाक्य कसं वाचायचं? ज्या लेखाने सुरुवातीलाच आपला अर्थ पक्का केलेला नाही, त्याला माझ्या लेखी निम्मे गुणही नाहीत, मग त्याची भाषा कितीही सुरेख असो.

'नायक' शब्दाचंही तसंच. सातपुड्यात नाईक म्हणजे भिल्लांचा पुढारी. सेंधवा घाटाच्या रखवालीची नोकरी केलेला खाज्या नाईक १८५७च्या उठावात इंग्रजांवर उलटला. ११ एप्रिल १८५८ला सातपुड्यातल्या आंबापाणीला मोठी लढाई झाली. पडद्यावरच्या नायकाबद्दल लिहिताना हा दुसरा अर्थ इथल्या वाचकाच्या मनात जागा असतो.

आता मोजपट्टी. १९४९ साली एका अमेरिकन अभ्यासकाने जगभरच्या वीरकथांमागे एकच सांगाडा आहे असं मांडलं : वीर घर सोडतो, कसोटीला उतरतो, काहीतरी मिळवून परततो. १९७७च्या एका गाजलेल्या अंतराळपटाच्या दिग्दर्शकाने त्याचं ऋण उघडपणे मान्य केलं. पुढे १९८०च्या दशकात हॉलिवूडमधल्या एका पटकथा-परीक्षकाने सात पानांचं टिपण लिहून तोच सांगाडा बारा टप्प्यांत बसवला. ते टिपण पटकथा लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी होतं. आज मात्र लेख तपासणारेही तेच बारा टप्पे हातात धरून बसतात : टप्पे सापडले की लेख चांगला. आंबापाणीच्या कथेत घरी परतणं कुठे आहे? म्हणून ती वीरकथा नाही का?

१९१३ला फाळक्यांनी हरिश्चंद्राची कथा पडद्यावर आणली, १९१७च्या त्यांच्या चित्रपटात राम आणि सीता एकाच नटाने साकारले, हे सर्वांना ठाऊक आहे. खान्देशात पुराणातली कथा त्याआधीपासून वहीगायन या लोकगायनातून डफावर ऐकली जात होती. पुढे यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागू लागला. कथा आधीच पाठ असलेला प्रेक्षक 'पुढे काय होणार' यासाठी बसत नाही, ती कशी सांगितली जाते यासाठी बसतो. टप्पे मोजणाऱ्या लेखात या प्रेक्षकाला जागाच नाही.

२०००च्या सुमारास खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगावात यंत्रमागाच्या गावातल्या हौशी मंडळींनी गाजलेल्या हिंदी चित्रपटांवर विडंबनपट काढले. मग थेट सुपरमॅन या परदेशी महानायकालाच गावात उतरवलं. तो नायक अंगाने काडी, यंत्रमागावर काम करणारा. खलनायक तंबाखूचा प्रसार करतो. २०२५मध्ये या मंडळींवरचा हिंदी चित्रपट आला आणि मालेगावावर पुन्हा लिहिलं जाऊ लागलं. त्या लेखांना माझे प्रश्न दोनच : नायकाच्या उड्डाणाबद्दल लिहिण्याआधी त्याच्या गावातले माग, धूळ आणि दम्याचा खोकला लेखकाला दिसला का? आणि तंबाखू हाच खलनायक का झाला, याचं उत्तर त्याने गावात शोधलं की त्या बारा टप्प्यांत?